दोन जीनोमची तुलना करायचीय, जीनची नावं जुळत नाहीत, मदत हवी आहे (अर्जंट)

मांडवीकाठ: दोन जीनोम आहेत, एक आमचा, एक एनसीबीआयवरून (जीनोमचा अमेरिकी सरकारी डेटाबेस) उतरवलेला. आमचा प्रोक्कातून (जीन शोधून नावं देणारं टूल) काढला. एक्सेलमध्ये नावं लावून बघितली तर निम्म्याहून जास्त जीन फक्त आमच्यातच दिसतात, हे शक्यच नाही, दोन्ही एकाच जीनसचे (जवळच्या जातींच्या गटाचे) आहेत. शुक्रवारी गाईडना दाखवायचंय. कुठला फॉर्म्युला लावू?

रायबंदरफेरी: जीव कुठला ते सांग आधी. आणि दुसऱ्याचं अ‍ॅनोटेशन (जीन शोधून नावं देणं) कुणी केलंय?

दर्यावर्दी: फॉर्म्युला सोड, नावांवर तुलना होतच नाही. एकच प्रोटीन, एक टूल त्याला 'हायपोथेटिकल' (काम माहीत नाही) म्हणतं, दुसरं 'ट्रान्सपोर्टर' म्हणतं. ह्याच गोंधळापायी माशी, उंदीर आणि यीस्टच्या डेटाबेसवाल्यांनी 1998 मध्ये जीन ऑन्टोलॉजी (गो), म्हणजे जीनच्या कामांची एकसारखी शब्दयादी, सुरू केली. प्रत्येक संज्ञेला सात आकडी नंबर, शब्द बदलला तरी नंबर तोच. दोन्हीकडची प्रोटीनं एगनॉग-मॅपरमध्ये टाक, ते गो नंबर लावून देतं.

फोंड्याचा_कोडर: गो नको गं, केग (जीनच्या कामांचा दुसरा डेटाबेस) घे. गोमध्ये एकेका जीनला ढीगभर नंबर चिकटतात, मी महिनाभर तेच निस्तरत होतो.

दर्यावर्दी: चिकटणारच, बारीक संज्ञेबरोबर तिच्या वरच्या सगळ्या येतात. गो-स्लिम (मोजक्या ढोबळ संज्ञांची छोटी यादी) लावली की आटोक्यात येतं. टूल नीट न वाचता नावं ठेवू नका.

सासष्टीकर: एनसीबीआयला सबमिट करणार असशील तर लोकस टॅगचा (प्रत्येक जीनच्या ओळख-नंबराचा) प्रीफिक्स आधी रजिस्टर कर हां.

मांडवीकाठ: सबमिट नाही करायचंय!! गोव्यात रायबंदरच्या मिठागरातला हॅलोआर्किया (खारट पाण्यातला सूक्ष्मजीव, बॅक्टेरिया नव्हे) आहे. दुसरा एनसीबीआयच्याच पाइपलाइनचा.

रायबंदरफेरी: हे पहिल्या ओळीत हवं होतं. प्रोक्का आपणहून बॅक्टेरिया धरतं, किंगडमला आर्किया द्यावं लागतं. दुसऱ्याचा नुसता फास्टा (डीएनए क्रमाची साधी फाईल) घे आणि दोन्ही एकाच टूलमधून, एकाच व्हर्जनने परत काढ. आणि गो नंबर जुळला म्हणजे काम सारखं, जीन तोच असं नाही. जीनला जीन लावायचा तर ऑर्थोफाइंडर (एकाच पूर्वज-जीनपासून आलेले जीन जुळवणारं टूल).

फोंड्याचा_कोडर: हे मात्र बरोबर.

आगरवाडो: रायबंदरला अजून मीठ काढतात? आमच्याकडे पेडण्यात आगरं पडीक होत चाललीत, मनुष्यबळच मिळत नाही. माझा आजोबा मीठ काढायचा. नमुना कुठल्या महिन्यात घेतला?

मांडवीकाठ: एप्रिलमध्ये, पाणी लालसर झालेलं तेव्हा. आर्किया देऊन दोन्ही परत लावलेत. ऑर्थोफाइंडरला प्रोटीनची फाईल द्यायची की डीएनएची?

रायबंदरफेरी: प्रोटीनची. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेव.