मदत हवी आहे: सालदाराच्या घरातली खरूज जात नाही

यावल तालुक्यातल्या आमच्या केळीच्या मळ्यात पावरा या आदिवासी समाजातल्या सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं) कुटुंब राहतं. ७ माणसं, एकच खोली. बोटांच्या बेचक्यात आणि कमरेला पुरळ, रात्री इतकी खाज की लेकरं झोपत नाहीत. डॉक्टरांनी खरूज सांगून ५ टक्के परमेथ्रिन मलम दिलं. त्याआधी कडुनिंबाच्या पाल्याची आंघोळ, करंजाचं तेल करून झालं होतं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

पहिल्यांदा मलम फक्त खाजणाऱ्या तिघांनी लावलं, तिथेच चुकलं. मग सातही जणांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावलं, आठवड्याने पुन्हा. त्याला १२ दिवस झाले. खाज आहेच. किडे मेल्यावरही २-४ आठवडे खाज राहू शकते, हे माहीत आहे. पण ती जुनी खाज की नवी लागण, हे घरी कसं ओळखायचं?

गोधड्या मोजक्याच, उकळायला एवढं मोठं भांडं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ४ दिवस ठेवल्या तर पुरे का? घरात गरोदर बाई आहे, त्यामुळे आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या सुचवू नका.

आणि मुख्य म्हणजे, हे सगळं त्यांना पावरी बोलीत नीट समजावून सांगणारं चोपडा-यावलकडे कुणी आहे का?