मुंबई ते लंडन नक्की किती तास? आईला एकटीला पाठवायचंय

कुडाळकर_झिलगो
नमस्कार मंडळी, ताई लंडनला असते, आईला जुलैत तिच्याकडे पाठवतोय, पहिलाच विमानप्रवास आणि तोही एकटीने. नेटवर मुंबई ते हीथ्रो (लंडनचा विमानतळ) 7200 किमी, साडेआठ तास असं येतंय. पण तिकिटावर दुपारी 1 ला सुटून संध्याकाळी साडेसहाला पोचणार, म्हणजे साडेपाचच तास?? येताना रात्री 9 ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा. आईचे गुडघे दुखतात, तिला सलग किती बसावं लागेल ते कळायला हवं.

रत्नागिरीची_मुलगी
तिकिटावर त्या त्या गावची वेळ असते दादा. जुलैत लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, थंडीत साडेपाच. म्हणजे जाताना 10 तास धरा, येताना 9.

वाऱ्याची_दिशा
आता साडेआठ कुठून आले ते. त्या साईटी सरळ अंतराला ताशी 850 किमीने भागतात, बस्स. ती सरळ रेषा कराचीवरून इराण, काळा समुद्र, युक्रेन अशी जाते, आणि युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद आहे, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननेही भारतीय कंपन्यांना बंदी घातली, मग वळसा आलाच. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, उतरायच्या आधी आकाशात थांबून राहणं हेही वेळात धरलेलं असतं. आणि जाता-येताना फरक पडतो तो वाऱ्यामुळे, 10-12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, लंडनला जाताना तो समोरून लागतो, परतताना पाठीवर घेतो. म्हणून अंतर भागून वेळ काढूच नका, कंपनीचं वेळापत्रकच खरं.

मालवणातलो_काका
आवशीक सांग, काय्येक घाबरू नको. माझ्या मते विमानापेक्षा कुडाळ ते मुंबईचीच काळजी जास्त करा, जुलै म्हणजे कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक, गाड्या हळू चालतात, दरड आली की विचारूच नका. कोकणकन्या एक्स्प्रेसने सकाळी उतरून त्याच दुपारचं विमान पकडायचं असला धोका बिलकुल घेऊ नका, आदल्या दिवशीच मुंबईत नातेवाईकांकडे पोचवा. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबईला विमानाने न्यायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर काढा, वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान लेट झालं तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही.

रत्नागिरीची_मुलगी
आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, त्याचे पैसे पडत नाहीत आणि दोन्हीकडे माणूस सोबत असतो, इमिग्रेशनच्या रांगेत आईंना उभं राहावं लागणार नाही. सीट मधल्या वाटेच्या कडेची घ्या, खिडकीची नको, म्हणजे मधेमधे उठून चालता येईल, गुडघे आखडणार नाहीत.

कुडाळकर_झिलगो
मनापासून आभार सगळ्यांचे. दादरला मावशी आहे, आदल्या दिवशी तिच्याकडेच नेतो आईला. व्हीलचेअरचं आजच फोन करून विचारतो.