शब्दचर्चा : ‘चतुर्गुणित’, ‘उपांत्यकेंद्री’ आणि कार्प माशांची गुणसूत्रे

विचारणा

मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी कार्प माशांच्या गुणसूत्रांची तुलना करणारे टिपण मी मराठीत तयार करीत आहे. रोहू, कटला आणि मृगळ यांची द्विगुणित संख्या ५० आहे आणि गवत्या व चंदेरा यांची ४८. सायप्रिनसची (सामान्य कार्पची) संख्या मात्र १०० असून त्याला ‘चतुर्गुणित’, म्हणजे गुणसूत्रांचे चार संच असलेला, म्हटलेले आढळते. ‘द्विगुणित संख्या १०० असलेला चतुर्गुणित मासा’ असे लिहिणे योग्य ठरेल का? शिवाय गुणसूत्रबिंदूच्या जागेवरून पडलेले मध्यकेंद्री, उपमध्यकेंद्री, अग्रकेंद्री आणि अंत्यकेंद्री हे शालेय पुस्तकातील चार शब्द माशांच्या तक्त्यांसाठी पुरतात का?

प्रतिसाद १

दोन्ही शब्द खरे आहेत, पण ते एकाच गोष्टीविषयी बोलत नाहीत. ‘द्विगुणित संख्या’ म्हणजे आजच्या माशाच्या शरीरपेशीत मोजलेली गुणसूत्रे, तर ‘चतुर्गुणित’ हा शब्द वंशाचा इतिहास सांगतो : सायप्रिनसच्या पूर्वजात गुणसूत्रांचा अख्खा संच दुप्पट झाला आणि तो तसाच टिकला. आजचा सायप्रिनस अर्धसूत्री विभाजनात ५० जोड्या लावतो आणि त्याच्या युग्मकात (अंड्यात किंवा शुक्राणूत) ५० गुणसूत्रे जातात, म्हणजे त्याचा व्यवहार सरळ द्विगुणित प्राण्यासारखाच असतो. म्हणून ‘उत्क्रांतीने चतुर्गुणित’ असे विशेषणासह लिहावे. नुसते ‘चतुर्गुणित’ लिहिल्यास प्रयोगशाळेत मुद्दाम तयार केलेल्या चतुर्गुणित माशांशी त्याची गल्लत होते.

हा भेद कागदोपत्री नाही. रोहू आणि सायप्रिनस यांच्या संकरात एकाकडून २५ आणि दुसऱ्याकडून ५० अशी ७५ गुणसूत्रे येतात आणि ती पिल्ले वांझ निघतात. याउलट रोहू आणि कटला यांचे संकरित मासे प्रजननक्षम असतात, आणि बीजोत्पादन केंद्रांवर शुद्ध बीज राखणे अवघड जाते त्याचे हेही एक कारण आहे. साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या नदीतून वर्णन केलेल्या महसीर माशाची, म्हणजे टॉर खुद्री या जातीची, संख्याही १०० आहे. तेव्हा हे विशेषण तुम्हाला त्याच्याही ओळीत लागेल.

प्रतिसाद २

चार शब्द पुरत नाहीत. गुणसूत्रबिंदूच्या दोन बाजूंचे गुणसूत्राचे भाग म्हणजे त्याच्या भुजा. गुणसूत्रांचे अभ्यासक लेव्हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये लांब भुजेला आखूड भुजेने भागून वर्गवारी सुचवली. हे गुणोत्तर १.७ पर्यंत असेल तर गुणसूत्र मध्यकेंद्री, १.७ ते ३ असेल तर उपमध्यकेंद्री. त्यापुढच्या ३ ते ७ या वर्गाला शालेय पुस्तकात नाव नाही. तेथे ‘उपांत्यकेंद्री’ हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो, कारण गुणसूत्रबिंदू टोकाशी नसून टोकाच्या अलीकडे आहे, हे तो शब्दच सांगतो.

हा वर्ग ‘अग्रकेंद्री’त ढकलून देण्याची सवय मला धोक्याची वाटते. भुजासंख्या, म्हणजे सर्व गुणसूत्रांच्या भुजांची बेरीज, काढताना काही अभ्यासक उपांत्यकेंद्री गुणसूत्राच्या दोन भुजा धरतात आणि काही एकच धरतात, त्यामुळे त्याच जातीसाठी दोन प्रबंधांत दोन आकडे दिसतात आणि वाचकाला वाटते की मासेच वेगळे आहेत. तक्त्याखाली आपण कोणता नियम धरला ते एका वाक्यात लिहावे.

विचारणाकर्त्याकडून

दोन्ही सूचना स्वीकारतो. रोहू, कटला आणि मृगळ यांची संख्या सारखी असल्यामुळे त्यांची गुणसूत्रे ‘समजात’ आहेत असे म्हणता येईल का?

प्रतिसाद १

संख्येवरून नाही. ‘समजात’ हा शब्द प्रथमतः एकाच माशातील, आई व वडिलांकडून आलेल्या जोडीसाठी आहे, आणि दोन जातींमध्ये तो वापरायचा तर भुजांची लांबी, रंजनातील पट्टे किंवा जनुकांचा क्रम असा पुरावा हवा. आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो. दोन अग्रकेंद्री गुणसूत्रे टोकांशी जुळून एक मध्यकेंद्री गुणसूत्र झाले, तर संख्या एकाने घटते, पण भुजा तेवढ्याच राहतात आणि जनुकीय सामग्रीही जवळजवळ तेवढीच राहते. मरळीच्या चन्ना प्रजातीत पंक्टाटा जातीत ३२ आणि स्ट्रायटा जातीत ४० गुणसूत्रे नोंदली आहेत. तेथे भुजासंख्येचा रकाना संख्येच्या शेजारीच ठेवावा, आणि कार्प माशांच्या तक्त्यातही तसेच करावे.