बहिरेपण की बहिरेपणा? आणि ‘उपचार नाकारणे’ म्हणजे नेमकं काय?

टीपकागद

एका परिसंवादाच्या पत्रिकेसाठी विषयाचं वाक्य मराठीत करायचं आहे. सध्या असं लिहिलंय: ‘बहिरेपणा हे अपंगत्व आहे काय, आणि मुलावरील उपचार नाकारण्याचा पालकांना अधिकार आहे काय?’ वाक्य व्याकरणात बसतं, तरी खटकतं. बहिरेपणा, कर्णबधिरत्व, श्रवणदोष यांतलं काय घ्यावं? ‘अपंगत्व’ चालेल की ‘दिव्यांगत्व’? ‘उपचार’ आणि ‘अधिकार’ हेही तपासून हवेत. शिवाय मूळ इंग्रजी पत्रिकेत ‘डेफ’ हा शब्द काही ठिकाणी मोठ्या ‘डी’ने छापलाय, काही ठिकाणी लहान. देवनागरीत ते कसं दाखवायचं?

कानामात्रा

शेवटच्या प्रश्नापासून घेतो. मोठ्या-लहान अक्षराचा हा संकेत भाषाशास्त्रज्ञ जेम्स वुडवर्ड यांनी १९७२ मध्ये सुचवला. लहान ‘डी’ म्हणजे ऐकू न येणं, ही कानाची अवस्था. मोठा ‘डी’ म्हणजे खुणांची भाषा जगणारा आणि स्वतःला त्या भाषेच्या समाजातला मानणारा माणूस. सत्तरीत ऐकू येईनासं झालेले आजोबा पहिल्या गटात, दुसऱ्यात नाहीत.

आपल्याकडे मोठी-लहान अक्षरं नाहीत, पण -पण आणि -पणा हे दोन प्रत्यय आहेत. ‘शहाणपण’ आणि ‘शहाणपणा’ शेजारी ठेवून बघा. पहिलं कमवावं लागतं, दुसरा कोणी केला तर राग येतो. माणूसपण, आईपण, म्हातारपण यांत असणं आहे. आगाऊपणा, मूर्खपणा, वेंधळेपणा यांत बोट दाखवणं आहे. तेव्हा कानाच्या अवस्थेला ‘बहिरेपणा’ आणि ओळखीला ‘बहिरेपण’ म्हणता येईल.

पोटफोड्या

सुचवणी देखणी आहे, पण दोन ठिकाणी फुटते. प्रामाणिकपणा, साधेपणा, मोकळेपणा यांत कोणी कोणावर बोट दाखवत नाही, म्हणजे हा कल आहे, नियम नव्हे. दुसरी अडचण जास्त मोठी. विभक्ती लावून बघा: ‘ते बहिरेपण’चं होतं ‘बहिरेपणाला’ आणि ‘तो बहिरेपणा’चंही होतं ‘बहिरेपणाला’. सामान्यरूपात दोघं एकच! ‘बहिरेपणाचा इतिहास’ म्हटलं की कोणाचा, कळायला मार्ग नाही. प्रथमेपुरता टिकणारा फरक परिभाषेला काय कामाचा?

कानामात्रा

सामान्यरूपाचा मुद्दा बिनतोड आहे. सुचवणी मागे घेतो. मग सरळ ‘बधिर समाज’ आणि ‘ऐकू न येणं’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग करावेत.

‘बधिर’बद्दल मात्र एक गाठ सोडवायला हवी. ‘बहिरा’ हा त्याच शब्दाचा तद्भव, दधिचं दही होतं तसा ‘ध’चा ‘ह’ झालेला. पण मराठीत तत्सम ‘बधिर’ दुसऱ्याही कामाला लागला. हिरडी बधिर करतात, बोट बधिर होतं, छोट्या शस्त्रक्रियेआधी बधिरीकरण करतात. म्हणूनच ‘कर्ण’ जोडावा लागला. ‘कर्णबधिर’मध्ये द्विरुक्ती आहे, अशी तक्रार दर काही दिवसांनी होते. ती संस्कृतच्या हिशेबाने बरोबर असेल, मराठीच्या नाही.

‘मूकबधिर’ मात्र टाकूनच द्यावा. ऐकू न येणाऱ्या बहुसंख्य मुलांचा स्वरयंत्राशी काही तंटा नसतो. कानावर न पडलेली भाषा तोंडातून येत नाही, एवढंच. आणि खुणांनी तासन्‌तास वाद घालणाऱ्याला मूक म्हणणं हा तर विनोदच.

डेसिबल

श्रवणशास्त्राच्या बाजूने. ‘श्रवणदोष’ आणि ‘बहिरेपणा’ समानार्थी वापरू नका. श्रवणदोषाला मोजपट्टी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात चांगल्या कानाचा उंबरठा, म्हणजे जेमतेम ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज, २० डेसिबलच्या आत असेल तर श्रवण सामान्य. पुढे ३५ पर्यंत सौम्य, ५० पर्यंत मध्यम, ६५ पर्यंत मध्यम-तीव्र, ८० पर्यंत तीव्र, ९५ पर्यंत अतितीव्र आणि त्यापुढे पूर्ण. हा आकडा ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्‌झ या चार स्वरांवरच्या (आवाजाच्या उंचींवरच्या) उंबरठ्यांची सरासरी असतो.

सरासरी फसवते, हे इथेच सांगायला हवं. खालच्या स्वरांत बरं आणि वरच्या स्वरांत वाईट ऐकणाऱ्या मुलाची सरासरी ‘मध्यम’ येते. हाक मारली की ते वळून बघतं, म्हणून घरचे म्हणतात, ‘ऐकू येतंय की!’ पण ‘स’ची ऊर्जा ४००० हर्ट्‌झच्या आसपास आणि त्याच्याही वर असते, आणि आवाज अगदी क्षीण. मराठीत या ‘स’वर व्याकरण टांगलेलं आहे. ‘तू आलास’ आणि ‘तो आला’, ‘करतोस’ आणि ‘करतो’. शब्दाच्या टोकाला असलेला तो ‘स’ त्या मुलापर्यंत पोचतच नाही. मग ते ‘तू जेवला?’ असं बोलतं आणि लोक त्याला बोबडं किंवा मंद ठरवतात. म्हणून श्रवणयंत्र लावल्यावर रोज आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी तोंड झाकून म्हणून बघायला सांगतात. तोंड झाकायचं ते ओठ वाचून उत्तर येऊ नये म्हणून. मात्र कागदाने किंवा हाताने ओठ गच्च झाकले तर ‘स’ तिथेच दबतो आणि चाचणी खोटी ठरते. पातळ कापडाची चौकट धरावी किंवा मुलाच्या मागे बसावं.

तेव्हा पत्रिकेत मोजपट्टी अभिप्रेत असेल तिथे ‘श्रवणदोष’ लिहा. माणसांबद्दल बोलताना लिहू नका.

पोटफोड्या

आता अपंगत्व. ‘अपंग’, ‘विकलांग’, ‘दिव्यांग’ या तिन्ही शब्दांत अंगाकडे बोट आहे. ‘दिव्यांग’ हा आता कायद्याचा शब्द झालाय, २०१६ चा कायदाच दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा म्हणून ओळखला जातो, त्यामुळे सरकारी अर्जात तोच येणार. पण परिसंवादात ‘बहिरेपणा हे दिव्यांगत्व आहे काय’ असं विचारलंत तर प्रश्नाचा जीवच जातो. दिव्यत्वाबद्दल वाद नाहीये.

वाद असा आहे, की कमतरता कानात आहे की व्यवहारात? १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तीन पायऱ्या केल्या होत्या. अवयवातलं न्यून, त्यामुळे येणारी अक्षमता, आणि तिच्यामुळे समाजात वाट्याला येणारी अडचण. २००१ मध्ये ती मांडणी बदलली आणि परिसराला घटक म्हणून आत घेतलं. मराठीत मात्र आपण तिन्हींना ‘अपंगत्व’ म्हणून मोकळे होतो, आणि मग एक जण न्यूनाबद्दल बोलतो, दुसरा अडचणीबद्दल, आणि दोघांना वाटतं आपण भांडतोय.

मॅसॅच्युसेट्‌सच्या किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाचं उदाहरण याच जागी देतात. तिथे आनुवंशिक कारणाने एकोणिसाव्या शतकात साधारण दीडशेत एक जण जन्मतः बहिरा होता, आणि ऐकणारे गावकरीही खुणांची भाषा सहज वापरत. न्यून होतंच, अडचण फारशी नव्हती. माझ्या मते शीर्षकात ‘अक्षमता’ घ्यावा. रूक्ष आहे, पण तीनपैकी कुठल्या पायरीबद्दल विचारताय ते नीट कळतं.

कानामात्रा

‘अक्षमता’ला हरकत नाही. एक जोड: ‘सांकेतिक भाषा’ हा रुळलेला शब्द आहे, पण मराठीत ‘सांकेतिक’ म्हणजे गुप्त लिपीतलाही. ‘खाणाखुणा’ त्याहून वाईट, कारण तिथे भाषा उरतच नाही. भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकी खुणांच्या भाषेची रचना उलगडून दाखवली. हाताचा आकार, जागा, हालचाल यांतलं एक बदललं की अर्थ बदलतो, ‘काळ’चं ‘गाळ’ व्हावं तसा. १८८० च्या मिलानच्या परिषदेत बधिरांच्या शाळांमधून ही भाषा मागे सारण्याचे ठराव झाले. ते ठराव नाकारून खेद व्यक्त करायला २०१० ची व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली. ‘खुणांची भाषा’ पुरेसं आहे.

डेसिबल

‘उपचार’ का खटकतो ते सांगतो. एका शब्दात चार वेगळी कामं कोंबली आहेत.

पहिलं, खरोखर रोगावरचं. कानात हाड कुरतडणारी त्वचेची गाठ वाढत असेल, तर शस्त्रक्रिया ऐकू येण्यासाठी नसते. ती गाठ मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकते. पू वाहतोय आणि पालक नको म्हणतात, हा ‘बधिर ओळखी’चा प्रश्नच नव्हे. जन्मजात सायटोमेगॅलोव्हायरस संसर्गातही विषाणूविरोधी औषध पहिल्या महिन्यात सुरू करून सहा महिने दिलं, तर श्रवण आणखी घसरण्याचा धोका कमी होऊ शकतो. तिथे ‘जरा थांबून बघू’ म्हटलं की संधी गेली.

दुसरं, साधन. श्रवणयंत्र काढून ठेवता येतं, कानाला काही होत नाही.

तिसरं, कॉक्लियर रोपण. ही पूर्ण भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया. कानामागच्या हाडात जागा करून संकेत घेणारा भाग (रिसीव्हर) बसवतात आणि आतल्या कानातल्या शंखाकृती कॉक्लियात १२ ते २२ विद्युत्‌स्पर्शकांची तार सरकवतात. निरोगी कानात आतल्या केसपेशी साडेतीन हजारांच्या घरात असतात, त्यांच्या जागी हे बाविसेक बिंदू. उरलंसुरलं नैसर्गिक ऐकणं तार घालताना जाऊ शकतं. मेंदूज्वराचा धोका थोडा वाढतो, म्हणून न्यूमोकॉकसची लस शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण करतात. टाके भरल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, बाहेरचा भाग जोडून यंत्र सुरू करतात. तिथून पुढे प्रत्येक स्पर्शकाची किमान आणि कमाल पातळी पुनःपुन्हा बसवावी लागते. पातळी जास्त ठेवली तर मूल रडून यंत्र उपटून फेकतं, कमी ठेवली तर ‘स’ पुन्हा हरवतो. आणि श्रवणनसच नसेल तर रोपणाचा उपयोग नाही, म्हणून आधी स्कॅन.

आणि यंत्र उतरवलं की मूल पुन्हा बहिरंच. म्हणून ‘बरा झाला’ हे क्रियापद इथे चुकीचं आहे. ‘ऐकू येऊ लागलं’ म्हणा.

चौथं, वाचाप्रशिक्षण. ते उपचारापेक्षा शिक्षणाच्या जवळचं.

आता पालक यातलं नेमकं काय नाकारतायत? दुसरं आणि तिसरं नाकारणं वेगळं, पहिलं नाकारणं वेगळं. पत्रिकेत स्पष्ट ‘कॉक्लियर रोपण’ लिहा.

पोटफोड्या

‘नाकारणे’ही तपासू. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या मेंदूत आवाजासाठीची जागा सगळ्यात लवचीक असते ती पहिल्या साडेतीन वर्षांत. त्यामुळे ‘मोठं झाल्यावर त्यालाच ठरवू दे’ हे वाक्य कानाला उदार लागतं, पण तोवर रोपणाचा बराचसा फायदा हातचा गेलेला असतो. लांबणीवर टाकणं हाही इथे नकारच.

उलटही खरं. बहिऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांचे आईवडील ऐकणारे असतात. त्यांना खुणांची भाषा येत नसते. रोपणाला नाही म्हटलं आणि खुणाही शिकले नाहीत, तर मुलाला कुठलीच भाषा मिळत नाही. याला अभ्यासक ‘भाषावंचन’ म्हणतात. मला ‘भाषेची उपासमार’ जास्त पटतं. रोपण करून खुणांवर बंदी घालणारेही याच खड्ड्यात पडू शकतात, कारण काही मुलांना रोपणानंतरही बोली नीट येत नाही आणि ते कळेपर्यंत दोन-तीन वर्षं निघून जातात. बहिऱ्या आईवडिलांनी घरात खुणांची भाषा असताना रोपणाला नकार देणं आणि ऐकणाऱ्या पालकांनी खुणाही न शिकता दिलेला नकार, यांना एकच शब्द लावू नये. पहिल्याला ‘नकार’ म्हणा, दुसऱ्याला ‘हेळसांड’.

टीपकागद

म्हणजे अधिकार की हक्क, यावरही परिणाम होईल?

पोटफोड्या

होतोच. मराठीत हक्क म्हणजे आपल्याला मिळायला हवा तो, अधिकार म्हणजे दुसऱ्यावर चालतो तो. मुलाबाबत पालकांकडे असतो तो निर्णयाचा अधिकार. मुलाचा असतो तो हक्क. ‘पालकांचा हक्क’ म्हटलं की मूल मालमत्तेसारखं दिसायला लागतं. तुमचा शब्द बरोबर होता, बदलू नका.

‘संमती’बाबतही असंच. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९५ मध्ये भेद केला: संमती माणूस स्वतःसाठी देतो, मुलासाठी पालक देतात ती परवानगी, आणि जरा मोठ्या मुलाची घ्यायची ती तिसरी गोष्ट. तिच्यासाठी मराठीत ‘रुकार’ हा नेमका शब्द आहे आणि कोणी वापरत नाही.

अधिकाराची हद्द दिसते ती २००२ च्या मिशिगनमधल्या प्रकरणात. बहिऱ्या आईची दोन बहिरी मुलं तात्पुरती सरकारी देखभालीत होती. त्यांचं रोपण कोर्टाने सक्तीने करवावं, अशी मागणी झाली. रोपण मुलांच्या हिताचं ठरेल असं मानूनही न्यायाधीशांनी निर्णय आईकडेच ठेवला, कारण जीव वाचवण्याची तातडी नव्हती. ‘हिताचं काय’ आणि ‘न केल्यास इजा किती’ या दोन कसोट्या आहेत. पालकांचा निर्णय हिसकावून घ्यायला सहसा दुसरी लागते. माझ्या मते तीच बरोबर आहे, फक्त इजेच्या हिशेबात भाषेची उपासमार धरायला हवी.

टीपकागद

मग असं करतो: ‘ऐकू न येणं ही अक्षमता आहे काय, आणि बधिर मुलाचं कॉक्लियर रोपण नाकारण्याचा अधिकार पालकांना कुठवर आहे?’

कानामात्रा

‘आहे काय’चं ‘कुठवर आहे’ केलंत ते उत्तम. फक्त ‘मुलाचं रोपण’ म्हटलं की मूलच रोवल्यासारखं वाटतं. ‘बधिर मुलासाठी’ करा.

डेसिबल

आणि पत्रिका छापाल तेव्हा मंचावर दुभाष्या असल्याचं पहिल्याच ओळीत लिहा. नाहीतर ज्यांच्याबद्दल परिसंवाद आहे ते येतील आणि ओठ वाचत बसतील. ओठांवर ‘प’, ‘ब’ आणि ‘म’ सारखेच दिसतात.