अनुभव धागा : विमान धावपट्टी सोडून पुढे जातं तेव्हा

पावसाळा आला की 'विमान घसरलं, प्रवासी थोडक्यात बचावले' अशी बातमी येते आणि दोन दिवसांत विरते. ज्यांचं रोजचं काम याच्याशी निगडित आहे त्यांनी इथे लिहावं. आपबीती नको, काय होतं, का होतं, नंतर काय करावं लागतं, एवढंच.

वैमानिक (बोइंग 737)
टोकापलीकडे गेलेल्या बहुतेक विमानांचा हिशेब चाकं टेकायच्या आधीच बिघडलेला असतो. धावपट्टीचा उंबरठा (उतरायची पट्टी सुरू होते ती रेषा) 50 फुटांवरून ओलांडायचा आणि पहिल्या 3000 फुटांत (पट्टी आखूड असेल तर पहिल्या तृतीयांशात) टेकायचं. 140 नॉटला (ताशी सुमारे 260 किमी) विमान सेकंदाला 72 मीटर कापतं. मऊ लँडिंगच्या हौसेपायी पट्टीवर हवेतच तीन सेकंद तरंगलात की दोनशे मीटर गेले. प्रवासी टाळ्या वाजवतात, ते सोडा. ओल्या पट्टीवर ठामपणे टेकवलेलं विमानच चांगलं.

मग वारा. 10 नॉट समोरून असेल तर जमिनीवरचा वेग 130, तोच मागून आला तर 150. थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे इथे तिसऱ्या हिश्शाने जास्त. कोझिकोडला 7 ऑगस्ट 2020 ला हे सगळं एकत्र आलं. 28 वरचा (पट्टीच्या एका टोकाचा क्रमांक) पहिला प्रयत्न सोडून उलट टोकाने, 10 वर उतरायचं ठरलं, पाऊस, कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता, मागून सुमारे 14 नॉट वारा. 8858 फुटांच्या पट्टीवर चाकं टेकली 4438 फुटांवर. निम्मी पट्टी मागे पडली होती. पुढे टेबलटॉपचा, म्हणजे डोंगरमाथा सपाट करून बांधलेल्या पट्टीचा, उतार. 21 माणसं गेली.

टेकल्यावरचा क्रम : आधी स्पॉइलर (पंखावरच्या उभ्या होणाऱ्या झडपा) उघडल्याची खात्री (पंखावरची उचल जाऊन वजन चाकांवर आल्याशिवाय ब्रेक पकडत नाहीत), लगेच रिव्हर्स (इंजिनाचा जोर पुढे वळवून वेग मारणं), मग ब्रेक. थांबणार याची खात्री होईपर्यंत रिव्हर्स सोडायचा नाही. आणि रिव्हर्स ओढल्यावर गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा उडणं) नाही म्हणजे नाही. मंगळूरला 22 मे 2010 ला 8033 फुटांपैकी सुमारे 5200 वर टेकून, रिव्हर्स ओढून, पुन्हा उडायचा प्रयत्न झाला. सहवैमानिकाने तीनदा गो-अराउंड सांगितलं होतं. 158 मृत्यू.

धावपट्टी देखभाल
वरच्यात भर. टेकण्याच्या पट्ट्यात टायरचं रबर साचून खाचा बुजतात, पाणी निचरत नाही. उच्च दाबाच्या पाण्याने ते काढायचं, मग घर्षण मोजायचं. घर्षण मोजायच्या आमच्या गाडीचं गणित : 1 मिमी पाणी, ताशी 65 किमी, 0.60 च्या खाली आकडा आला की देखभाल, 0.50 च्या खाली की पट्टी 'ओली असताना निसरडी' असं जाहीर. 3 मिमीपर्यंत पाणी असेल तर ती 'ओली', सहसा कोड 5 (पट्टीच्या स्थितीचा कोड : 6 म्हणजे कोरडी, आकडा जितका कमी तितकी निसरडी). त्याहून जास्त साचलं की कोड थेट 2.

पाण्याच्या थरावर टायर तरंगायचा वेग : टायरचा दाब पीएसआयमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, 9 ने गुणा. 200 पीएसआयला सुमारे 127 नॉट. टेकताना अजून न फिरलेल्या चाकाला गुणक 7.7, म्हणजे 109. या वेगांच्या वर ब्रेकवर उभे राहिलात तरी फारसा उपयोग नाही.

अग्निशमन
विमानापाशी पोचायचं लक्ष्य दोन मिनिटं, कमाल तीन. तापलेल्या चाकाकडे पुढून किंवा मागून जा, आसाच्या रेषेत बाजूने कधीच नाही. रिम फुटलं तर तुकडे बाजूलाच उडतात.

केबिन क्रू
नाकाचं चाक मोडलं तर मागची दारं वर उचलली जातात आणि उतरायची फुगणारी घसरगुंडी फार उभी होते. म्हणून बाहेर बघितल्याशिवाय दार उघडत नाही. बॅग घेऊ नका हो, प्लीज.

विमान उचलणारे
लोकांना वाटतं, ट्रॅक्टर लावला की झालं. आधी तपास यंत्रणेची परवानगी, फोटो, खुणा. मग टाकीतलं इंधन आणि सामान काढायचं. रिकामं 737-800 सुद्धा 41 टनांच्या घरात. चाकं चिखलात रुतलेली, म्हणून खणून मुरूम-खडी भरायची, वर लोखंडी प्लेटा अंथरायच्या. गियर (चाकांचा पाय) मोडला असेल तर पंखांखाली एअरबॅग, दोन्ही बाजूंनी सारख्या फुगवत. ओढायचं ते मुख्य गियरला दोर बांधून, मागे, आलं त्याच वाटेने. नाकाचा गियर ओढलात तर उपटून हातात येईल.

मुंबईत 1 जुलै 2019 च्या रात्री जयपूरहून आलेलं 737 मुख्य पट्टीच्या टोकापुढे गेलं. पाऊस थांबेना, भरलेली खडी खचे. पट्टी उघडली 5 जुलैला. तोवर सगळा भार 14/32 या दुसऱ्या, आखूड पट्टीवर.

प्रश्न : विमान थांबल्यावर कॉकपिटमध्ये सगळ्यात आधी काय विसरलं जातं?

देखभाल अभियंता
व्हॉइस रेकॉर्डरचा (कॉकपिटमधलं बोलणं टिपणारं यंत्र) ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारं बटण, ओढणं. वीज चालू राहिली तर दोन तासांच्या रेकॉर्डरवर नवं जुन्यावर चढत जातं. प्रवासी उतरले, इंजिनं बंद झाली, की तो ब्रेकर ओढून त्याला टॅग लावायचा आणि वेळ लिहून ठेवायची.