शब्दचर्चा : स्वॉटमधला 'उद्योग' आणि 'धोका'

प्रश्न : स्वॉटच्या (कंपनीची बलस्थानं, उणिवा, संधी, धोके मांडायच्या) प्रकल्पात 'कंपनी व तिचा उद्योग यांची माहिती काढा' असं दिलंय. उद्योग म्हणजे कंपनीच ना? आणि उणीव व धोका यांत फरक काय?

— मराठीत 'उद्योग' दोन्हीकडे चालतो, गोंधळ तिथूनच. लघुउद्योग म्हणजे एक कारखाना, वस्त्रोद्योग म्हणजे सगळं क्षेत्र. म्हणून 'उद्योगक्षेत्र' लिहा. ते ओळखायला कंपनीचा २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे नोंदणीचा ओळख क्रमांक, बघा. पहिलं अक्षर एल असेल तर शेअर बाजारात नोंदलेली, यू असेल तर नाही. पुढचे ५ आकडे हा क्षेत्राचा कोड. धंदा बदलूनही कोड जुनाच राहिलेल्या कंपन्या असतात, तेव्हा उत्पन्न खरं कशातून येतं ते वार्षिक अहवालात ताडून घ्या.

— उणीव की धोका, याची कसोटी सोपी आहे. कंपनी उद्या बंद पडली तरी ती गोष्ट उरेल का? उरली तर ती बाहेरची, म्हणजे धोका किंवा संधी. संत्र्याचा रस काढणारी कंपनी घ्या. अंबिया आणि मृग या संत्र्याच्या दोन बहारांच्या मधल्या काळात साठवणुकीची सोय नसणं ही उणीव, गारपीट हा धोका. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवलं, तो ताजं फळ पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला धोका, पण फळ स्वस्त मिळालं तर रसवाल्याला तीच संधी! नागपुरी संत्र्याला २०१४ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन मात्र नागपूरच्या कळमना बाजारातल्या शेजाऱ्यालाही लागू आहे. त्याच्यापुढे ते तुमचं बलस्थान ठरत नाही.

— भाऊ, आणखी एक. आपल्याकडे हिंदीच्या सहवासाने 'धोका' दगा या अर्थानेही बोलतात. त्यामुळे भागीदारांमधली भांडणं धोक्याच्या रकान्यात जातात. ती आतली बाब आहे, उणिवांतच लिहा.

— 'सामर्थ्य'पेक्षा 'बलस्थान' बरा, कारण नेमकं कुठे ते सांगावं लागतं. 'अनुभवी कर्मचारी' एवढं लिहून भागत नाही, आकडा हवा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून एओसी-४ (वार्षिक हिशेब) आणि एमजीटी-७ (वार्षिक विवरण) उघडा, ३ वर्षांचे ताळेबंद उतरवा. येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) भागिले विक्री गुणिले ३६५ करा. येणी ३ कोटी, विक्री १२ कोटी, तर उधारी सुमारे ९१ दिवसांची. तीन वर्षांत ती ६० वरून ९१ वर गेली असेल तर वसुली ढिली, ही उणीव. मार्चअखेरचे हिशेब बहुतेक कंपन्यांचे ऑक्टोबरपर्यंत चढतात. जूनमध्ये बघाल तर मागच्या सालचेच दिसतील, म्हणून आकड्यापुढे आर्थिक वर्ष लिहाच.