श्चाकिएलचं जगज्जेतेपद: 'लॉटरी' म्हणण्याआधी

पोलंडच्या येझी श्चाकिएलने १९७३मध्ये स्पीडवेचं, म्हणजे एका प्रकारच्या मोटारसायकल शर्यतीचं, जगज्जेतेपद मिळवलं. त्याला एकांनी 'लॉटरी' म्हटलंय. थोडं जास्तच झालं!

पोलंडमधल्या होझुफच्या त्या अंतिम स्पर्धेत श्चाकिएल आणि न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर, दोघांचे सारखेच १३ गुण झाले. मग निकालासाठी दोघांचीच शर्यत. श्चाकिएल पुढे होता, त्याला ओलांडायच्या नादात मॉगर आडवा झाला. लोकांना फक्त हे पडणंच आठवतं. पण तोवर चार वेळा जगज्जेता झालेला माणूस उगाच धोका पत्करेल का? समोरचा जागाच देत नव्हता.

स्पीडवेची गाडी म्हणजे ५०० सीसी, मिथेनॉलवर चालणारी, एकच गिअर आणि ब्रेक नाहीतच. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवत चार फेऱ्या मारायच्या. तिथे नशीब किती पुरणार? शिवाय १९७१मध्ये आंद्जेई विग्लेंदाबरोबर जोडीचं जगज्जेतेपद त्याने आधीच मिळवलं होतं, तेही मायदेशातल्याच रिब्निकमध्ये.

पुढे तो फार चमकला नाही, हे मात्र मान्य. पण पोलंडला वैयक्तिक स्पर्धेत दुसरा जगज्जेता, तोमाश गोल्लोब, मिळायला २०१० उजाडलं. मधली ३७ वर्षं ही लॉटरी कोणालाच कशी लागली नाही?